घड्याळ नव्हते

तुडीलच्या त्या घरात चुलीसाठी फाटी उचलायची तर आधी लाकूड जमिनीवर दोनदा आपटायचं, मगच काखेत घ्यायचं. चपला उलट्या करून झटकायच्या. गोधडी उंबऱ्याबाहेर नेऊन झाडायची, मग अंथरायची. घरातल्या लहान पोरांना हे कोणी शिकवत नाही. आजीकडे बघत बघत ती चालायला शिकतात, तशी चपला आपटायलाही शिकतात. महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यातलं हे गाव. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, माळ्यावर पेंढा, पडवीत फाटी रचलेली. तांबड्या विंचवाला लपायला जे जे लागतं ते सगळं तिथे आहे, आणि तो तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे.

या आजीची नात नर्स आहे. गावात तिला सगळे सिस्टरच म्हणतात, आपणही तेच म्हणू.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका सकाळी सिस्टर नाईट संपवून सरळ तुडीलला आली. एरवी ती आल्या आल्या मोरीवर जाते, साबण लावून कोपरापर्यंत हात धुते आणि चहा मागते. त्या दिवशी तिने हात धुतले, पुन्हा धुतले, आणि ओट्यावर येऊन बसली. आजीने भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे ठेवली. भाकरीचा एक तुकडा मोडून तिने तो ताटातच ठेवून दिला.

"काय गो बाय, जेवत का नाय?"

"भूक नाही, आजे."

"भूक नाय का घास उतरत नाय?"

आजीला लिहितावाचता येत नाही, पण माणसाचा चेहरा ती बरोबर ओळखते. सिस्टरने मग सगळं सांगितलं.

रात्री साडेदहाच्या सुमाराला एका वाडीवरून सहा वर्षांचा मुलगा आणला होता. घर शाकारायला उतरवलेल्या कौलांच्या चवडीपाशी खेळताना त्याच्या बोटाला विंचू चावला होता. मुलाचा सदरा पिळून काढावा इतका भिजलेला, वाटेत दोन उलट्या झालेल्या, आणि हातपाय थंडगार. मेच्या उकाड्यात बाकी सगळे पंख्याखाली घामाघूम होत असताना त्या पोराचे तळवे माठाला हात लावावा तसे लागत होते. डॉक्टरांनी प्राझोसिनची एक मिलिग्रॅमची गोळी अर्धी करून दिली, विंचवाची लस दिली, सलाईन लावलं. आणि सिस्टरला म्हणाले, "आईला नीट सांगून ठेवा. याला आडवाच ठेवायचा. उठवायचं नाही, उचलायचं नाही."

ही सूचना साधी वाटते, तिच्यामागचं कारण मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे. विंचवाचं विष शरीरातल्या नसांची सोडियमची दारं उघडी धरतं. त्यामुळे नसांच्या टोकांतून आणि ग्रंथींतून ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार पडतात. रक्तदाब चढतो. हृदय त्या आवळलेल्या वाहिन्यांवर जोर लावून लावून थकतं, मग पाणी फुप्फुसात साचतं, दम लागतो आणि तोंडातून गुलाबी फेस येतो. प्राझोसिन आवळलेल्या वाहिन्या सैल करतं आणि हृदयावरचा भार उतरवतं. पण वाहिन्या सैल झालेल्या असताना माणूस एकदम उभा राहिला, तर रक्त पायांकडे उतरतं आणि डोक्याला कमी पडतं. पहिल्या गोळीनंतर हा धोका सगळ्यात जास्त. जी गोळी जीव वाचवते, तीच गोळी घेतलेल्या पोराला आईने प्रेमाने खांद्यावर घेतलं, तर घात होऊ शकतो.

सिस्टर आईला सांगायला वळणार, तोच बाळंतपणाची केस आली. डॉक्टर आणि दुसरी सिस्टर लेबर रूममध्ये गेले. या सिस्टरची धावपळ सुरू झाली आणि सांगायचं राहून गेलं.

पाऊण वाजता मुलगा म्हणाला, शू आली. आईने त्याला उचलून खांद्यावर घेतलं आणि ती दाराकडे निघाली. सिस्टरने पाहिलं तेव्हा पोराची मान आईच्या खांद्यावरून खाली लोंबत होती. तिने धावत जाऊन त्याला फरशीवरच आडवं केलं, पाय उचलून धरले, सलाईन भरभर सोडलं. मनगटाला नाडी लागत नव्हती. दोन मिनिटं गेली असतील. मग पापण्या हलल्या, ओठांवर रंग आला, आणि पोरगं म्हणालं, "आई, शू झाली."

सकाळपर्यंत मुलाचे पाय गरम झाले. घाम थांबला. डॉक्टर राऊंडला आले, त्यांनी तळव्यांना हात लावून पाहिला आणि समाधानाने पुढे गेले. केसपेपरवर सिस्टरच्या अक्षरात रात्रीची नोंद होती : १.०० – पेशंट झोपलेला, नाडी चांगली.

"खोटं काय त्यात?" सिस्टर आजीला म्हणाली. "एक वाजता तो झोपलेलाच होता. नाडीही चांगली होती."

आजी काही बोलली नाही.

"निघताना त्याची आई माझ्या पाया पडायला आली. म्हणाली, सिस्टर, माझंच चुकलं, मी त्याला उचलायला नको होतं, तुम्ही होतात म्हणून वाचला." सिस्टरचा आवाज तिथे तुटला. "आणि मी तिला काही सांगितलं नाही. गप्प उभी राहिले."

आजीने ताटावर पितळी पालथी घातली. मग विचारलं, "ती गोळी कोणी शोधली?"

प्रश्न अनपेक्षित होता, पण सिस्टरला उत्तर माहीत होतं. महाड तालुक्यात ते नाव ठाऊक नसलेलं घर क्वचितच सापडेल. गोळी मुळात रक्तदाबाची, ती जुनीच होती. विंचवावर ती चालते हे जगाला दाखवून दिलं ते डॉक्टर हिंमतराव बावस्करांनी. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या गरीब घरातला मुलगा, नागपूरला डॉक्टर झाला आणि १९७६ साली याच तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. तेव्हा विंचू चावून अत्यवस्थ झालेल्या शंभरांतले चाळीसएक दगावायचे. आधी भगत, मग दवाखाना, आणि दवाखान्यातही नेमकं औषध नाही. घाम थांबावा म्हणून ॲट्रोपिन दिलं जाई. घाम आटे खरा, पण आधीच धावणारं हृदय आणखी धावायला लागे. देणाऱ्याचा हेतू चांगला असे, आणि रोगी मात्र हातचा जाई.

या तरुण डॉक्टरने काय केलं? तो खाटेशेजारी बसला आणि लिहू लागला. कधी चावला, घाम कधी सुटला, उलटी कधी झाली, पाय कधी गार पडले, दाब किती, दम कधी लागला. जगलेल्यांचं लिहिलं, मेलेल्यांचंही लिहिलं. मला या माणसाच्या आयुष्यात सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. रोगी गेल्यावर त्याचा कागद बाजूला सारावा असं कोणालाही वाटेल, कारण तो कागद आपली हार सांगत असतो. त्या कागदांतूनच हे दिसलं की फुप्फुसात पाणी भरण्याच्या कितीतरी आधी उलटी, घाम आणि गार हातपाय धोक्याची सूचना देतात. १९८२ साली ते लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुण्यात एम.डी. करून डॉक्टर पुन्हा इकडेच आले. सोडियम नायट्रोप्रुसाइडच्या ठिबकाने रोगी वाचू लागले, पण त्या औषधावर क्षणाक्षणाला नजर ठेवावी लागे आणि खेड्यात ते जमणारं नव्हतं. मग तेच काम करणारी साधी गोळी त्यांनी वापरून पाहिली. १९८६ साली डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी डॉक्टर प्रमोदिनी बावस्कर यांचा प्राझोसिनवरचा लेख 'लॅन्सेट'मध्येच आला. चाळीस टक्क्यांवर असलेले मृत्यू एका टक्क्यापर्यंत उतरले. २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली, पण खाडीपट्ट्यातल्या आयांनी त्यांना मान दिला तो त्याच्या कितीतरी आधी.

सिस्टरने हे सगळं आजीला आपल्या भाषेत सांगितलं. मग जरा थांबून म्हणाली, "आणखी एक आहे, आजे. नर्सिंगला होते तेव्हा आमच्या मॅडमनी शिकवलं होतं. परळच्या हाफकिनमध्ये घोड्यांच्या रक्तापासून विंचवाची लस तयार झाली. तेव्हा हा डॉक्टर म्हणू शकला असता, माझी गोळी आहे, तिने माणसं वाचतात, लस कशाला? पण त्यांनी महाडच्या आपल्या दवाखान्यात सत्तर रोगी घेतले. पस्तिसांना नुसती गोळी, पस्तिसांना गोळी आणि लस. कोणाला काय द्यायचं ते त्यांनी आपल्या मनाने ठरवलं नाही, चिठ्ठी टाकावी तसं ठरलं. दहा तासांनी बघितलं तर लस मिळालेल्या पस्तिसांतले बत्तीस पूर्ण बरे. नुसत्या गोळीवाल्यांतले आठ."

"म्हंजे त्याची गोळी हरली?"

"हरली असं नाही. तिने जीव वाचतोच. पण एकटीने बरं व्हायला जास्त वेळ लागतो, लस जोडीला असली तर लवकर."

"आणि हे त्यानंच सांगितलं?"

"त्यांनीच. २०११ साली विलायतेच्या जर्नलमध्ये छापलं. ज्या गोळीने त्यांचं नाव झालं, तिचंच वजन त्यांनी स्वतः केलं आणि जे भरलं ते लिहिलं."

आजी बराच वेळ अंगणाकडे बघत राहिली. अंगणात उतरवलेली कौलं ओळीने मांडलेली होती. मग तिने जे सांगितलं ते सिस्टरने जन्मात ऐकलं नव्हतं. सिस्टरच्या वडिलांनीही ऐकलं नव्हतं.

आजीचा थोरला मुलगा विंचू चावून गेला, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तुझ्या बापाच्या आधीचा, एवढंच सांगितलं जाई. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा एखादा उन्हाळा असावा. बिरवाडीला तो डॉक्टर यायचा होता, औषध सापडायचं होतं. मुलगा चार वर्षांचा. रात्री जेवणं आटोपल्यावर पेंढ्यावर लोळत होता, तिथे चावला. घरच्यांनी भगताला बोलावलं. मंत्र झाले, उतारा झाला, मुळी उगाळून लावली. पोराला घाम सुटला, तेव्हा भगत म्हणाला, विष घामावाटे निघतंय. पोराने उलटी केली, तेव्हा म्हणाला, आता उतरलं. पहाटे पाय गार पडले आणि छाती लोहाराच्या भात्यासारखी हलू लागली. मग घोंगडीची डोली करून त्याला दवाखान्यात नेलं.

"तिथल्या डाक्टरनं इचारलं, कधी चावला?" आजी म्हणाली. "मी सांगितलं, आत्ताच, तास झाला असंल."

"का ग?"

"भ्याले. रात्रभर घरात ठेवला म्हटल्यावर तो काय बोलंल म्हणून भ्याले. माणसं जमली व्हती. सासरा उभा व्हता." आजीने पदराने ओठ पुसले. "डाक्टरनं कागदावर लिवलं. तास झाला, असंच लिवलं. मंग त्याला वाटलं, अजून येळ हाय. दुपार व्हायच्या आत पोर गेलं."

सिस्टरने आजीचा हात धरला. "आजे, तेव्हा औषधच नव्हतं. खरी वेळ सांगितली असतीस तरी..."

"ते मला म्हाईत हाय," आजी म्हणाली. "मी त्यासाठी नाय रडत. माझं पोर गेलं, त्याच्यासंगट त्याचा कागदबी खोटा गेला. तू म्हणतीस त्या डाक्टरनं मेलेल्यांचं लिवलं, त्यातनं बाकीची वाचली. माझ्या पोराचं कोणी वाचलं असंल तर त्याला काय कळलं असंल? तासाभरात छाती भरते, असंच कळलं असंल ना? ते खोटं हाय. रात गेली व्हती मधी. घाम पयला आला, मंग उलटी, मंग पाय गार. सगळं मी डोळ्यांनी बघितलं व्हतं. ते माझ्यापाशीच ऱ्हायलं."

नंतर उठताना ती एवढंच म्हणाली, "तुझ्या त्या बाईनं सगळ्यांना सांगितलं असंल, माझ्यामुळं पोराला झालं म्हणून. जल्मभर सांगंल ती."

सिस्टर दुपारच्या एस.टी.ने परत गेली. ड्यूटी रात्रीची होती, ती संध्याकाळीच पोचली.

नोंद दुरुस्त करण्याची एक रीत असते आणि ती मला फार आवडते. आधीची ओळ वाचता येणार नाही अशी खोडायची नाही, तिच्यावर गिरवायचं नाही, कागद तर फाडायचाच नाही. ती तशीच राहू द्यायची. खाली आजची तारीख घालायची, आजची वेळ घालायची, 'उशिरा केलेली नोंद' असं लिहायचं, आणि मग जे घडलं ते. म्हणजे पुढे वाचणाऱ्याला घडलेलं तर कळतंच, आधी काय लिहिलं गेलं होतं आणि किती वेळाने बदललं तेही कळतं. सिस्टरने लिहिलं : रात्री १२.४५ वा. आईने मुलास उचलले. मूल बेशुद्ध, नाडी लागत नव्हती. आडवे करून पाय वर केले, सलाईन वाढवले. अंदाजे दोन मिनिटांत शुद्धीवर. उचलू नये हे मी आईला सांगितले नव्हते. डॉक्टरांना कळवले नव्हते. खाली सही.

कागद घेऊन ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तो वाचला. पुन्हा वाचला. त्यांचा चेहरा उतरला, आणि बराच वेळ ते बोलले नाहीत. मग खिशातलं पेन काढून त्यांनी तिच्या सहीखाली लिहिलं : सूचना तोंडी दिली होती, लेखी दिली नव्हती. गोळीनंतर दाब किती वेळाने तपासायचा ते मी लिहून दिले नव्हते. आणि आपली सही केली.

सिस्टरला मेमो मिळाला. चार दिवस ड्यूटी रूममध्ये कुजबुजही झाली. एक जुन्या सिस्टर तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरगं बरं झालं होतं ना? मग कशाला आपल्या हाताने?" पण त्याच सिस्टर दोन दिवसांनी हळूच सांगून गेल्या, की चार वर्षांपूर्वी त्यांच्या नाईटलाही एक मुलगी अशीच खांद्यावर मान टाकून गेली होती. तीही वाचली होती. त्यांनीही लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं, तर या मुलाच्या आईला कोणीतरी आधीच सांगितलं असतं.

कागद लिहिला त्या संध्याकाळी मुलगा अजून वॉर्डातच होता. त्याची आई खाटेच्या पायथ्याशी बसून त्याच्या तळव्यांवरून हात फिरवत होती. सिस्टर तिच्याशेजारी स्टुलावर बसली आणि म्हणाली, "ताई, तुमचं काही चुकलं नाही. या गोळीनंतर मुलाला उचलायचं नसतं. ते तुम्हाला सांगायचं काम माझं होतं. माझं राहिलं."

बाईने तिच्याकडे पाहिलं. राग येईल, ओरडेल, असं सिस्टरला वाटलं होतं. बाईने हात तसाच मुलाच्या पावलावर ठेवला आणि विचारलं, "म्हणजे मी उचलला म्हणून नव्हं?"

"तुम्हाला माहीतच नव्हतं."

बाई तोंडावर पदर घेऊन रडली. आदल्या रात्री मूल बेशुद्ध पडलं होतं, तेव्हा ती रडली नव्हती.

आता त्या वॉर्डात विंचवाचा पेशंट आला की खाटेच्या डोक्याशी एक पुठ्ठा टांगला जातो. मोठ्या अक्षरात : आडवेच ठेवा. शू-शी खाटेवरच. उचलू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सिस्टरने खाली एक चित्र काढलं आहे, बाळ आडवं आणि आईचा हात त्याच्या पायावर. आईच्या हाताला हे काम मुद्दाम दिलेलं आहे. उचलायचं नाही म्हटल्यावर आईने करायचं काय? तिने तळवे धरून बसायचं आणि ते गरम झाले की सिस्टरला हाक मारायची. हात-पाय गरम होणं हीच औषध लागू पडल्याची खूण असते, आणि ती आईच्या तळहाताइतकी लवकर कोणाला कळणार?

पावसाआधी सिस्टर पुन्हा तुडीलला गेली. कौलं चढली होती. जेवणं झाल्यावर आजीने विचारलं, "लिवलंस?"

"लिहिलं."

"मंग आता माझंबी लिव."

सिस्टरने भावाच्या दप्तरातली वही आणली. आजी सांगत गेली आणि ती लिहीत गेली. वय चार. पेंढ्यावर चावला, डाव्या पायाला. आधी घाम, मग उलटी, दोन वेळा. पहाटे पाय गार, मग दम. दवाखान्यात सांगितलेली वेळ, एक तास. ती खोटी. सिस्टरने वर मुलाचं नाव लिहिलं, ते आजीने आधी सांगितलं होतं.

"वेळ काय लिहू, आजे? साडेनऊ?"

आजीने विचार केला. कपाळाला हात लावून तिने ती रात्र आठवून पाहिली.

"साडेनऊ कशावरून?"

"जेवणं झाली होती म्हणालीस, म्हणून अंदाजाने."

"अंदाजानं नको," आजी म्हणाली. "एकदा खोटं लिवून झालंय. जे म्हाईत हाय तेवढंच लिव."

सिस्टरने बोलता बोलता लिहून टाकलेला आकडा तसाच ठेवला, त्यावर एक सरळ रेघ मारली, आणि खाली लिहिलं : वेळ – रात्री, जेवणं आटोपल्यावर. घरात घड्याळ नव्हते.

"वाच," आजी म्हणाली.

सिस्टरने वाचून दाखवलं.